दूरवैद्यक : श्वसनविकाराच्या साथीतील उपयोग

रोगी व वैद्य समोरासमोर नसताना दूरसंदेशवहनाच्या साधनांनी केलेली तपासणी, निदान व उपचार यांस दूरवैद्यक म्हणतात. श्वसनविकारांशी या पद्धतीचा संबंध जुना आहे. लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकाने १८७९ मध्ये नोंदविलेल्या एका प्रसंगात डॉक्टरने रात्री दूरध्वनीवरून मुलाचा खोकला ऐकून तो क्रूपचा (स्वरयंत्राच्या सुजेमुळे येणारा) नाही, असे ठरविले होते. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत अमेरिकेत घरी अडकलेल्यांना दूरध्वनीचा आधार होता. परंतु तो चालविणाऱ्या स्त्रियाच आजारी पडल्याने अनावश्यक संभाषणे टाळण्याची विनंती कंपन्यांना करावी लागली.

भारतात २००१ पासून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्यास आरंभ केला. कायद्यातील स्थान मात्र संदिग्ध राहिले. रत्नागिरीतील एका प्रसूत स्त्रीच्या मृत्यूप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशात न तपासता दूरध्वनीवरून औषधे देण्यावर कठोर ताशेरे होते. प्रश्न मुख्यतः डॉक्टरांच्या गैरहजेरीचा होता. तथापि दूरध्वनीवरील सल्लाच धोक्याचा, अशी समजूत वैद्यकीय वर्तुळात पसरली. ती दूर झाली २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे कोव्हिड-१९ मुळे देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. त्या दिवशी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. १३ एप्रिलला घरबसल्या सल्ला देणारी ‘ई-संजीवनी’ ओपीडी सेवा सुरू झाली.

छातीवर बोटांनी ठोकून पाहणे आणि स्टेथॉस्कोपने ऐकणे या दोन्ही परीक्षा दुरून अशक्य होत्या. चित्रध्वनीवर श्वास मोजणे, ओठांचा रंग पाहणे, रुग्ण एका दमात वाक्य पुरे करतो का हे पाहणे एवढेच उरले. त्यातही या रोगाने फसविले. रक्तातील ऑक्सिजन बराच घटला असतानाही काही रुग्ण शांतपणे बोलत. १८७९ च्या डॉक्टरचा कान येथे पुरेसा नव्हता. ती उणीव जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर चालणाऱ्या, बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरने भरून काढली. आओयागी यांचे निधनही एप्रिल २०२० मध्येच झाले. ऑक्सिजनचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली गेल्यास किंवा श्वास मिनिटाला २४ वा अधिक झाल्यास रुग्णालय गाठावे, असा दंडक होता. सहा मिनिटे चालवून मापन पुन्हा घेत. काळसर त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दाखविते, हे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने पुढे आणले. आपल्याकडे ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

ज्या घरांत हे यंत्र नव्हते, तेथे दूरध्वनीचा उपयोग तोकडा पडे. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेली. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अडचण निराळी होती : दूरस्थ डॉक्टर धोका वेळीच ओळखून दाखल होण्यास सांगत, पण अनेक शहरांत खाटा व ऑक्सिजन मिळत नव्हते.

ई-संजीवनीचा दुसरा प्रकार साथीपूर्वी, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला होता. त्यात उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. छातीला स्टेथॉस्कोप लावणारा हात तेथे हजर असतो.