यारोस्लाव्हलच्या व्यापाऱ्यांचीं चित्रें

रशियांत व्होल्गा नदीच्या कांठीं यारोस्लाव्हल हें व्यापाराचें जुनें शहर आहे. तेथें १८२० नंतरच्या दशकांत निकोलाय मिल्निकोव्ह (१७९७-१८४२) या चित्रकारानें सोबोलेव्ह नामक व्यापारी कुटुंबांतील स्त्रीपुरुषांचीं चित्रें काढलीं. चेहऱ्यांची खुशामत त्यानें केली नाहीं. वस्त्रें व दागिने मात्र मोठ्या निगुतीनें रंगविले. पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांस हा खर्च कां करावासा वाटला?

सरदारांचें अनुकरण, असें उत्तर बहुधा देण्यांत येतें. आम्हांस तें अपुरें वाटतें. १७७५ मध्यें कॅथराईन राणीनें व्यापाऱ्यांच्या तीन श्रेणी ठरविल्या. निदान ५०० रूबल भांडवल जाहीर करून त्यावर दरसाल शेंकडा एक कर भरणारासच त्यांत प्रवेश मिळे, व त्याचा डोईपट्टीचा जाच सुटे. १७८५ च्या सनदेनें वरच्या दोन श्रेणींस फटक्यांच्या शिक्षेपासूनहि मुक्तता मिळाली. परंतु सरदाराची प्रतिष्ठा जन्मानें येई, व्यापाऱ्यास ती प्रतिवर्षीं विकत घ्यावी लागे. व्यापारांत खोट आली कीं कुटुंब सामान्य नगरवासीयांत ढकललें जाई, आणि डोईपट्टी पुन्हां मानगुटीस बसे. अशा अस्थिर प्रतिष्ठेस भिंतीवर तरी स्थैर्य लाभावें, हीच इच्छा आम्हांस या चित्रांच्या मुळाशीं दिसते.

प्रांतोप्रांतींच्या अशा चित्रांत कोठें लांब दाढी व जुना अंगरखा दिसतो, तर कोठें गुळगुळीत हनुवटी व पाश्चात्त्य कोट. पीटर बादशहानें १७०५ मध्यें दाढीवर कर बसविला होता व बड्या व्यापाऱ्यांकडून त्यापायीं वर्षाला १०० रूबल घेतले जात, हें ध्यानीं घेतां या दाढीचें मोल कळतें. स्त्रियांच्या गळ्यांतील मोत्यांसहि असाच अर्थ आहे. १७५३ पासून रशियन विवाहितेस आपल्या मालमत्तेची विल्हेवाट स्वतः लावण्याचा हक्क होता. तेव्हां तीं मोतीं केवळ पतीच्या ऐश्वर्याची जाहिरात नव्हेत.

१९१७ च्या क्रांतीनें या श्रेणी नष्ट केल्या. १९१८ च्या जुलैंत बंडाच्या वेळीं तोफांच्या माऱ्यानें यारोस्लाव्हलचा मोठा भाग जळाला. तरीहि हीं चित्रें वस्तुसंग्रहालयांत टिकलीं. पुढें साव्हेली याम्श्चिकोव्ह (१९३८-२००९) या जीर्णोद्धारकाच्या उद्योगानें तीं रसिकांपुढें आलीं. दरसाल कर भरून राखलेली श्रेणी आज कोणी विचारीत नाहीं. सोबोलेव्हांचे चेहरे मात्र लोक अजून थांबून पाहतात.