लाटा, पुळण आणि बंधारा

जीर्णोद्धाराच्या सभेत मंदिरामागे समुद्राकडे दगडी बंधारा घालावा, अशी सूचना पुष्कळ ग्रामस्थांनी आग्रहाने मांडली होती. त्या वेळी मला मद्रास बंदराचा इतिहास आठवला. तो येथे थोडक्यात देतो.

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, नैसर्गिक बंदर नव्हते. १८७६ साली समुद्रात दगडी बांध घालण्यास प्रारंभ झाला. १८८१ च्या वादळाने ते मोडले, पुन्हा उभारले. पण खरा प्रकार पुढेच घडला. त्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वर्षाकाठी एकंदरीत वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवीत नेतात. बांधांनी ती वाट अडविली. दक्षिणेस वाळू साचत जाऊन मरीनाची प्रशस्त चौपाटी झाली. उत्तरेस रोयापुरमकडे वाळू पोचेना. लाटांनी तेथील जमीन खाल्ली, घरे गेली, अखेर किनाऱ्यावर दगड टाकावे लागले. ते दगड जेथे संपले, तेथून पुढे पुन्हा धूप!

आपल्याकडे पावसाळ्यात लाटा पुळण ओढून नेतात आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू परत आणून टाकतात, हे कोळी बांधवांना कोणी सांगायला नको. बंधारा घातला की लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू उपसते, आणि भिंतीच्या टोकाशी असलेल्या शेजारच्या वाडीला त्याचा उपद्रव होतो. म्हणून नवा सभामंडप पूर्वेस माडांच्या बाजूला वाढविला व मागची पुळण मोकळी ठेवली. बंधाऱ्यासाठी आलेल्या देणग्या देणगीदारांच्या संमतीने मंडपाच्या खाती जमा केल्या आहेत.