फरकोटाखालचा नारिंगी पोशाख

9 एप्रिल 1939, ईस्टरचा रविवार. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापाशी मरियन अँडरसन गायला उभ्या राहिल्या, तेव्हा समोर सुमारे 75,000 श्रोते होते आणि हवेत गारठा होता. अंगावरचा मिंकचा फरकोट त्यांनी शेवटपर्यंत उतरवला नाही. मैफलीचे फोटो जगभर गेले, चित्रफीतही आहे. पण सगळं कृष्णधवल, आणि जिथे तिथे तो कोटच. आतला पोशाख कुणाला धड दिसलाच नाही.

आत होतं झगझगीत नारिंगी जाकीट, त्यावर सोनेरी आणि फिरोजी सजावट, खाली पायघोळ काळा मखमली स्कर्ट. हा थाट खरं तर बंदिस्त सभागृहातल्या दिव्यांसाठीचा. पण वॉशिंग्टनचा कॉन्स्टिट्यूशन हॉल जिच्या मालकीचा, त्या ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेने कृष्णवर्णीय गायिकेला रंगमंच नाकारला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीस यांनी स्मारकाच्या पायऱ्या मोकळ्या करून दिल्या. संध्याकाळी पाच वाजता पियानोवर कोस्टी व्हेहानेन बसले. देशभक्तिपर गीत झालं, मग डोनिझेट्टीच्या ‘ला फावोरिता’ ऑपेरातलं पद, शूबर्टचं ‘आवे मारिया’ आणि शेवटी कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं.

ऑपेरातलं पद गायला मिळालं, ऑपेरातली भूमिका मात्र नाही. युरोप गाजवून आलेल्या या खर्जातल्या आवाजाला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं दार उघडलं ते 7 जानेवारी 1955 रोजी. व्हेर्डीच्या ‘उन बालो इन मास्केरा’मध्ये उलरिका रंगवणाऱ्या त्या तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका. तेव्हा वय 57. तोवर ऑपेरातल्या पात्राचा वेश कधी चढवलाच नसल्यामुळे मैफलीचा गाऊन हीच त्यांची वेशभूषा होती. त्यामुळे त्या नारिंगी जाकिटाला निव्वळ हौस म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या गायिकेला 1937 साली प्रिन्स्टनमध्ये हॉटेलने खोली नाकारली आणि आइन्स्टाइन यांनी घरी ठेवून घेतलं, तिला रंगमंचावर कपड्यांतली ढिलाई परवडणारी नव्हती.

हा पोशाख आता वॉशिंग्टनमध्येच, स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृती संग्रहालयात आहे. अँडरसन यांचा भाचा, वाद्यवृंद-संचालक जेम्स डीप्रीस्ट यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नीने तो दिला. काटेकोर संग्राहक नाक मुरडतील अशी एक गोष्ट त्यात आहे: 1993 मध्ये, म्हणजे अँडरसन गेल्या त्याच वर्षी, तो नव्याने घडवला गेला. मुरडोत बापडे. गाऊन वापरायचा असतो, आणि वापरलेलं कापड झिजणारच.

कॉन्स्टिट्यूशन हॉलला पुढे उपरती झाली. 1943 साली अँडरसन तिथे गायल्या, आणि 1964 मध्ये निरोपाच्या दौऱ्याची सुरुवात त्यांनी त्याच रंगमंचावरून केली.