टाच, तार आणि कंदाहार

नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) हिवरे बाजार या गावाच्या नावात एखाद्याला हिंव ऐकू आले तर नवल नाही. पण हिवर हे बाभळीच्या कुळातले, कोरड्या रानात तग धरणारे झाड आहे, आणि वर्षाकाठी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहणाऱ्या या गावाचा बर्फाशी काडीचाही संबंध नाही. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्यानंतरच्या काळात गावाने श्रमदान करून, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगरांवर समतल चर खोदले. धावणारे पाणी अडले, माती थांबली. उतार म्हटला की मराठी मनापुढे उभी राहते ती ही चिंता: निसटून जाऊ पाहणाऱ्याला धरून कसे ठेवावे?

हिमप्रदेशातला माणूस हाच प्रश्न स्वतःच्या पायांपुरता विचारत आला आहे. स्कीचा गुण घसरण्याचा. मग त्याच फळ्या पायांत बांधून डोंगर चढायचा कसा? यांत्रिक पाळण्यांनी वर जाऊन खाली घसरत येणाऱ्यांस हा प्रश्न पडत नाही. जे आपल्या पायांनी वर जातात आणि आपल्या पायांनीच उतरतात, त्यांना मात्र घरातून निघण्यापूर्वी दोन वस्तूंची निवड करावी लागते. एक, स्कीच्या तळाला लावायचे कातडे. दुसरी, बूट स्कीला जखडणारा बंध, अर्थात बाइंडिंग. साहित्याच्या अभ्यासकांना या विषयात काय रस, असे कुणी विचारील. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु या दुसऱ्या वस्तूच्या एका नावामागे गेलो आणि वाट थेट मुंबई इलाख्याच्या पलटणींपाशी आली.

आधी कातड्याविषयी थोडे. प्राण्याच्या अंगावरचे केस एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. केस मागच्या टोकाकडे वळतील असे कातडे स्कीच्या तळाला लावले की स्की पुढे सरकते, पण मागे घसरू लागताच केस बर्फात रुततात. सारी युक्ती एवढीच. ओलाउस माग्नुसने १५५५ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तरेकडील लोकांच्या इतिहासात एक पाय दुसऱ्याहून लांब असलेल्या आणि हरणाच्या पिलांचे कातडे लावलेल्या स्कींचे वर्णन आहे. मध्य आशियातील अल्ताई पर्वतात घोड्याच्या पायाचे कातडे स्कीला कायमचे ठोकण्याची परंपरा आहे. आल्प्समधल्या गिर्यारोहकांनी सीलचे कातडे पट्ट्यांनी बांधले. आता सील मागे पडला, पण युरोपातल्या कित्येक भाषांत त्या वस्तूला अजून सीलचेच नाव आहे. आमच्याकडे चढाईच्या कामी लावलेला प्राणी म्हणजे तानाजीची घोरपड. ती तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही. तिच्या नखांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा वाद जुना आहे. सीलच्या केसांविषयी असा वाद नाही.

आज कातडी दोन प्रकारच्या धाग्यांची असतात. अंगोरा बकरीच्या केसांपासून केलेले मोहेर हलके असते आणि पुढे सुरेख सरकते, पण लवकर झिजते. नायलॉन अधिक पकडते, अधिक टिकते, आणि प्रत्येक पावलाला थोडे अधिक अडते. दोहोंच्या मिश्रणाचे कातडे नवख्याने घ्यावे, असे सामान्यतः सांगितले जाते व ते योग्य आहे. कातडे स्कीच्या तळाइतके रुंद असावे, मात्र दोन्ही कडांच्या पोलादी धारा उघड्या राहिल्या पाहिजेत, कारण कठीण बर्फावर आडवे जाताना त्या धाराच पाय रोवतात. चिकटवणारा गोंद गारठला की सुटतो. म्हणून दोन चढांच्या मधल्या वेळात कातडी अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवतात.

बंधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण ती टाचेची गोष्ट आहे. चालताना टाच उचलली गेलीच पाहिजे. वेगाने उतरताना ती स्कीवर घट्ट बसलेली बरी. हे मराठी वाचकाला समजावण्यास दूर जावे लागत नाही: चपलेत पुढचा भाग धरलेला आणि टाच मोकळी, बुटात दोन्ही बंदिस्त. चढताना चप्पल व उतरताना बूट होईल अशी एकच वस्तू हवी, हीच बंध घडवणाऱ्यांची शे-दीडशे वर्षांची अडचण. (टाच आणणे म्हणजे जप्त करणे, हा अर्थ मराठीला कोठून सुचला असेल ते असो, येथे तो चपखल बसतो.) नॉर्वेतील टेलेमार्कचा सोंद्रे नोरहाइम याने झाडाच्या लवचिक फांद्या पिळून टाचेमागून बंध घेतला आणि १८६८ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, लोकांना चकित केले. १८९४ साली फ्रित्स हुइटफेल्टने बुटाचा पुढचा भाग धरणारे लोखंडी कान आणले. आणि १९२९च्या सुमारास गीदो रूज या स्विस माणसाने टाचेमागून जाणारी पोलादी तार आणली. बुटापुढची कळ दाबली की तार ताणली जाई. स्कीच्या बाजूंना असलेल्या आकड्यांत ती अडकवली की टाच खाली बसे, आकड्यांतून सोडवली की टाच उचलता येई. चढ आणि उतार दोन्ही एका तारेने साधले. या बंधाचे नाव पडले ‘कंदाहार’.

स्विस डोंगरात अफगाण शहराचे नाव का? सरळ उत्तर असे की, त्या काळी ‘कंदाहार’ ही स्कीच्या शर्यतींतली प्रतिष्ठेची खूण होती. १९११च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे एक शर्यत झाली. तिच्यासाठी लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांनी चषक दिला होता. शर्यत योजणारा तरुण आर्नल्ड लन, जन्म मद्रास, १८८८. त्याने पुढे १९२४ साली म्युरेन येथे कंदाहार स्की क्लब स्थापला, आणि १९२८ पासून आर्लबर्ग-कंदाहार ही शर्यत सुरू झाली. गार्मिशच्या प्रसिद्ध उताराचे नावही कंदाहारच. शहर, लढाई, सरदारकी, चषक, क्लब, तार: नाव एकातून दुसऱ्यात सरकत गेले, आणि प्रत्येक वेळी मागचे काही गळून पडले.

गळून पडलेले काय, ते पाहण्यासाठी २७ जुलै १८८० या दिवसाकडे जावे लागते. त्या दिवशी कंदाहारच्या पश्चिमेस मैवंद येथे अयूब खानाच्या फौजेने इंग्रजांच्या एका ब्रिगेडचा पुरा पराभव केला. सुमारे अडीच हजारांपैकी जवळजवळ एक हजार मारले गेले. या ब्रिगेडमध्ये ६६वी ही गोरी पलटण होती, आणि मुंबई फौजेच्या दोन पायदळ पलटणी होत्या: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स व तिसावी, म्हणजे जेकब्ज रायफल्स. उरलेले कंदाहारात अडकले. तेथून १६ ऑगस्टला देह ख्वाजा गावावर जो फसलेला हल्ला झाला, त्यातही मुंबईच्याच पलटणी होत्या. मग रॉबर्ट्स काबूलहून दहा हजारांच्या आसपास सैनिक घेऊन निघाले. त्यांत बहुसंख्य शीख, गुरखे, पंजाबी असे हिंदी शिपाई होते, आणि मागे हजारो भिस्ती, खेचरवाले, बिगारी. तीनशेहून अधिक मैल ऑगस्टच्या उन्हात तुडवून १ सप्टेंबरला त्यांनी अयूब खानाला हरवले. कूच सारी फौज करून आली, ‘कंदाहार’ हे बिरूद एकाच्या नावापुढे लागले.

मैवंदच्या मृतांपैकी लोकांना माहीत आहेत ते ६६व्या पलटणीचे शेवटचे अकरा, आणि वाचलेल्यांपैकी तिचा कुत्रा बॉबी. त्याला व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली पदक घातले. त्याचे पेंढा भरलेले शरीर इंग्लंडातल्या एका लष्करी संग्रहालयात आहे. मुंबईच्या पलटणींच्या वाट्याला इंग्रजी वृत्तान्तांत पुष्कळदा दोष आला: मोड त्यांच्याकडून सुरू झाली. जेकब्ज रायफल्समध्ये नवशिके किती होते, तोफांचा मारा किती तास सोसला, पाणी कसे मिळाले नाही, हे तपशील मागे राहिले. हाच दोष पुढे एका सिद्धान्ताला खाद्य म्हणून मिळाला. रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उत्तरेकडील काही जातीच तेवढ्या लढाऊ, मद्रास व मुंबईकडचे शिपाई कमी प्रतीचे, या मताचे ते सर्वांत वजनदार पुरस्कर्ते. १८९७ साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्रातही हे मत आहे. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८९२-९३च्या सुमारास, महारांची सैन्यभरती बंद झाली. हे एकट्या रॉबर्ट्सच्या माथी मारणे न्याय्य नाही, सैन्यातील जातवार रचनेचा त्यात वाटा होताच. तरी धोरणाचे वारे त्यांचे होते. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून केलेला अर्जाचा मसुदा दलित साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यातली वेदना आणि आल्प्समधील त्या चषकावरचे नाव यांचे गोत्र एक आहे, ही गोष्ट स्कीच्या इतिहासकारांनी नोंदवण्याचे कारण नव्हते. आपण नोंदवली पाहिजे.

आणखी एक धागा आहे, तो वाङ्मयाचा. १८८७ साली शेरलॉक होम्स प्रथम छापून आला तेव्हा त्याचा सोबती डॉक्टर वॉटसन मैवंदला जखमी होऊन परतलेला दाखवला होता. खांद्याला गोळी, आणि एका विश्वासू नोकराने खेचून वाचवलेला जीव. होम्सची कीर्ती ज्या निष्कर्षाने सुरू होते तो वॉटसनच्या अफगाणिस्तानवारीविषयीचाच आहे. त्या वॉटसनचा निर्माता कॉनन डॉइल १८९४च्या मार्चमध्ये दावोसच्या ब्रांगर बंधूंसोबत डोंगर ओलांडून आरोसाला स्कीवरून गेला आणि त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने त्यावर लेख लिहिला. आपल्या फजितीची त्याने मनसोक्त थट्टा केली आहे. एका तीव्र उतारावर दोन्ही स्की एकत्र बांधून त्यांवर बसून उतरावे लागले. या लेखाने इंग्रज वाचकांत स्कीची हवा निर्माण केली. मैवंदची जखम आणि स्कीची हौस एकाच लेखणीतून आली, पण त्या लेखणीला ग्रेनेडियर्समधला कुणी शिपाई दिसला नाही. वॉटसनच्या नोकराला मात्र नाव आहे, मरे.

आता पुन्हा १९११च्या शर्यतीकडे, कारण तिच्यातून आजच्या निवडीकडे येता येते. स्पर्धक आदल्या दिवशी वाइल्डस्ट्रुबेलच्या झोपडीपर्यंत चढून गेले, रात्र तेथे काढली, आणि सकाळी हिमनदी ओलांडून खाली आले. उताराची म्हणून गाजलेली ही आद्य शर्यत अर्धी चढाची होती. नंतर पाळणे आले, चढ गेला. टाच मोकळी करण्याची गरज उरली नाही, म्हणून बंध दोन्हीकडून घट्ट झाले. कंदाहारची तार पडताना सुटत नसे, पाय मोडत. त्यामुळे आपोआप सुटणारे बंध आले आणि तारेचे दिवस संपले.

पायी चढणाऱ्यांकडे मात्र टाचेचा प्रश्न शिल्लकच राहिला, आणि त्याची आज दोन मुख्य उत्तरे आहेत. एक चौकटीचा बंध. यात बूट पूर्ण चौकटीत अडकतो, चढताना टाचेकडची बाजू सुटून सारी चौकट पावलागणिक वर उचलली जाते. तो बळकट, ओळखीचा, साध्या बुटाला चालणारा, आणि जड. दुसरा खिळ्यांचा. १९८०च्या दशकात फ्रित्स बार्टेल या ऑस्ट्रियन गृहस्थाने तो घडवला. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंनी दोन खिळे धरतात, टाचेचा भाग स्कीवरच राहतो, आणि उचलावा लागतो तो फक्त बूट. वजन इतके कमी की पाहणाऱ्याचा प्रथम विश्वास बसत नाही. दिवसाला हजारो पावले चढायची असतील तर पायावरचे अर्धा किलो पाठीवरच्या दोन-अडीच किलोंएवढे जाचते, असे अनुभवी सांगतात, आणि आम्हांला ते पटते. मात्र खिळ्यांना जोडीचे खास बूट लागतात, आणि पडल्यावर सुटण्याच्या बाबतीत सगळे खिळेबंध सारखे नसतात. तेथे काटकसर करू नये. चढ जास्त तर खिळे व मोहेर. पाळण्याने वर जाऊन अधूनमधूनच चालायचे तर चौकट, किंवा चढताना खिळ्यांवर व उतरताना नेहमीच्या जबड्यावर चालणारे अलीकडचे मिश्र बंध.

गुलमर्गला १९२७ साली इंग्रजांनी स्की क्लब काढला आणि १९४८ साली तेथेच भारतीय सैन्याचे स्की प्रशिक्षण सुरू झाले. गुलमर्ग आणि औली येथे स्की शिकायला मराठी मुलेमुली जातात, सैन्यातली मराठी माणसे तर त्याआधीपासून. त्यांच्या पायांत कंदाहारची तार आता नसते, ती हौशी संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत सापडते. तिच्यासोबतच्या पाटीवर सहसा शोधकाचे नाव असते, साल असते, क्वचित रॉबर्ट्सचा चषकही असतो.