मुक्काम कुठे करायचा? तडवळ्यापासून किंग हेन्रीज रोडपर्यंत

धाराशिव जिल्ह्यातले पोरगे किंवा पोरगी परीक्षेला, प्रवेशाला, मुलाखतीला किंवा दवाखान्याच्या कामाला मोठ्या शहरात निघाली की घरात पहिला प्रश्न निघतो, उतरायचे कुठे? मोबाइलवर शोधले तर उत्तर लगेच मिळते. हा भाग स्टेशनला जवळ, तो भाग शांत, इथे खाण्यापिण्याची सोय, तिथे 'चांगली वस्ती'. आमचे बोट या शेवटच्या दोन शब्दांवर आहे. चांगली म्हणजे कोणाच्या मापाने चांगली? ज्या गल्लीत खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतात, आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात आणि गावावरूनही कळले नाही तर 'तुमच्यात खाणेपिणे कसे असते' म्हणून विचारतात, ती गल्ली नकाशावर कितीही चांगली असली तरी आपल्यासाठी तिचा दरवाजा अर्धाच उघडा आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. शहरात मुक्कामाची जागा निवडणे हा इतरांसाठी सोयीचा प्रश्न असेल, आपल्यासाठी तो शंभर वर्षांपासून हक्काचा प्रश्न आहे. बाबासाहेबांच्या आयुष्यात आणि चळवळीत या प्रश्नाचे उत्तर दोन पायांवर उभे दिसते. पहिला पाय म्हणजे आपली हक्काची ठिकाणे उभारणे. दुसरा पाय म्हणजे कोणत्याही वस्तीत राहण्याचा हक्क न सोडणे. एक पाय काढला की उत्तर लंगडे होते.

बडोद्याचे अकरा दिवस

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. तिथे ते कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची जन्मभराची मैत्री झाली. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवले. १९१७ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते बडोद्याला उतरले आणि स्टेशनवरच ती जाणीव परत आली. जायचे कुठे?

हिंदू हॉटेलात जात लपवूनच शिरता आले असते, म्हणून ते पारशी सरायीत गेले. तिथेही पारशी नावानेच नोंद करावी लागली. दिवसाला दीड रुपया भाडे, वरच्या मजल्यावर अंधारी जागा, सोबतीला दुसरा प्रवासी नाही. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान काढून गेले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी त्यांना थारा मिळाला नाही. शेवटी सार्वजनिक बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

या प्रसंगावर आपल्याकडे अश्रू खूप ढाळले जातात, विश्लेषण कमी होते. नीट पाहा. माणूस परदेशात उच्चशिक्षण घेतलेला, नोकरी राजाची, खिशात भाडे भरण्याइतके पैसे. आज 'शिका, पैसे कमवा, मग जात कोणी विचारत नाही' असे सांगणाऱ्यांना बडोद्याने १९१७ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये पारशी मित्र जिवाभावाचा होता आणि बडोद्यात पारशी जमाव लाठ्या घेऊन आला. म्हणजे दोष एखाद्या धर्माच्या माणसांच्या स्वभावात शोधून भागत नाही. जात ज्या हवेत नांदते त्या हवेत राहणारा प्रत्येक समाज तिचे नियम पाळू लागतो.

हद्द बदलली, नियम बदलला

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाडच्या सत्याग्रहामुळे तो आपल्याला पाणवठ्यांचा ठराव म्हणून आठवतो. पण सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात स्पष्ट होते. पाणी आणि मुक्काम ही प्रवाशाची जोडगरज आहे, हे त्या ठरावाने ओळखले होते.

मात्र हा ठराव मुंबई इलाख्याचा. बार्शी आणि सोलापूर इलाख्यात होते. लागूनच असलेला उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या आजोबा-पणजोबांना बार्शीच्या बाजारात एक कायदा आणि घरी परतल्यावर दुसरा. कागदावर मिळालेला हक्कही हद्दीबाहेर संपत होता.

निजामाच्या हद्दीत प्रवास कसा करायचा, याचे उत्तर १९३४च्या दौलताबाद प्रसंगात आहे. वेरूळकडे निघालेल्या बाबासाहेबांच्या सुमारे तीस सहकाऱ्यांच्या तुकडीने ओळख न देता प्रवास करायचे ठरवले होते. जिथे थांबायचे तिथल्याच आपल्या लोकांना आधी कळवायचे, हा त्यांचा नियम होता. दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले आणि 'पाणी बाटवले' म्हणून गलका झाला. शेवटी पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला. मुक्कामाआधी आपल्या माणसांना निरोप धाडणे ही त्या काळात जिवाच्या सुरक्षिततेची गोष्ट होती.

आपले छप्पर

ही सुरक्षितता नातेवाइकांच्या भरवशावर किती दिवस सोडायची? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली स्थापनेनंतर जी कामे हाती घेतली, त्यांत वसतिगृह हे पहिल्या कामांपैकी होते. १९२५ साली ते सुरू झाले सोलापुरात. आपल्या जिल्ह्याला सर्वात जवळचे मोठे शहर तेच. शाळेत प्रवेश मिळूनही शहरात राहायला जागा नसेल तर तो प्रवेश फुकट जातो, हे सभेने हेरले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार बोर्डिंगांची चळवळ चालवली तिच्यामागेही हेच गणित होते.

आणि मग आपले कसबे तडवळे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बार्शी लाइट रेल्वेच्या कुर्डुवाडी-लातूर मार्गावरचे हे गाव. त्याच छोट्या गाडीने आपली माणसे कामाच्या शोधात कुर्डुवाडीला आणि तिथून पुढे मुंबईला जात. या वेळी मात्र मुंबईचा माणूस गावात आला आणि मुक्कामाचा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. बाबासाहेबांचा मुक्काम झाला गावच्या शाळेत. ज्यांना लहानपणी शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्यांच्यासाठी निजामी खेड्यातल्या शाळेचे दार उघडले. त्या इमारतीचे मोल तिच्या दगड-विटांत मोजायचे नसते.

१९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेव्हा हा विचार आणखी मोठा झाला. त्याआधी पदवीसाठी मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हैदराबादसारखे दूरचे शहर गाठावे लागे. नागसेनवनात वर्ग आले, ग्रंथालय आले आणि वसतिगृहही आले. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात 'तू कोणाचा?' असे न विचारणारी एक अख्खी वस्तीच तिथे तयार झाली.

वाडा आणि वसाहत यांतला फरक

इथे एक आक्षेप येतो. 'तुम्हीच आपल्या वस्तीत राहायचे म्हणता, मग गावातला महारवाडा काय वाईट होता?' फरक साधा आहे. महारवाडा आपल्यावर लादला होता. वसतिगृह आणि नागसेनवन आपण निवडले. १९४२च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही गावगाड्याच्या गुलामीतून बाहेर पडण्यासाठी. बाहेर जाण्याचे दार ज्याच्या हातात, त्यालाच निवड म्हणता येते.

बाबासाहेबांनी स्वतः दोन्ही केले. साधारण दोन दशके ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले, कामगारांच्या शेजारात, चळवळीच्या कचेरीपासून जवळ. नंतर त्यांनी 'राजगृह' बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. पुस्तकांना जागा हवी होती हे खरेच. पण बडोद्यात ज्यांना एक खोली मिळाली नाही, त्यांनी मुंबईत उच्चवर्णीयांच्या शेजारात स्वतःचे घर उभारले, याचा अर्थही वाचता आला पाहिजे.

आपल्या वस्तीत सारे सुरक्षित असते असाही भ्रम नको. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याची माणसे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शिरली, कारण तिथे कोणीतरी ओळखीचे होते. पण १९७४ साली वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. जिथे आपण एकवटतो तिथे आपल्याला गाठणेही सोपे होते. म्हणून दुसरा पाय, सगळे शहर आपले असण्याचा हक्क, तितकाच गरजेचा आहे.

या हक्काची कसोटी सातासमुद्रापलीकडेही लागली. १९२१-२२ साली बाबासाहेब लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन स्मारक केले. श्रीमंत वस्तीतल्या काही शेजाऱ्यांनी गर्दीची आणि गोंगाटाची तक्रार केली, कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. चौकशी झाली आणि २०२० साली स्मारकाला मान्यता मिळाली. दरवर्षी ६ डिसेंबर जवळ आला की दादरमध्ये जी कुरकुर ऐकू येते, तिच्याशी हे सूर जुळतात की नाही ते वाचकांनीच ठरवावे. आपली माणसे शिवाजी पार्कवर मांडवात मुक्काम करतात, रांगेत उभी राहतात, पुस्तके विकत घेतात आणि परत जातात. शहराच्या मध्यावर दोन-तीन दिवस राहण्याचा तो आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

कायदा काय सांगतो

संविधानाच्या कलम १५(२)ने हॉटेल, खानावळ, दुकान यांची दारे जातीच्या कारणाने बंद करण्यास मनाई केली. कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १९ने देशात कुठेही फिरण्याचे आणि कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले. १९५५चा कायदा, जो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या कलम ४मध्ये धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घेतलेली आहेत. कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधण्याचा, घेण्याचा आणि तिथे राहण्याचा हक्कही त्यात आहे. ही भाषा वाचताना बडोद्याची सराय आठवल्याशिवाय राहत नाही.

तरीही २०१५ साली सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार आणि जादा अटी वाट्याला येतात हेच दिसले. लाठी गेली आहे. आता 'खोली कालच गेली' एवढेच म्हणतात, आणि ते कोर्टात सिद्ध करणे लाठीपेक्षा अवघड आहे.

मग करायचे काय?

तरुण मित्रांनो, पहिली गोष्ट म्हणजे आडनाव लपवू नका. बाबासाहेबांना खोटे नाव नाइलाजाने लिहावे लागले, कारण पाठीशी कायदा नव्हता. आज तो आहे. दुसरी, जाण्याआधी निरोप धाडायचा दौलताबादचा नियम आजही उपयोगाचा आहे. ज्या शहरात जाता तिथल्या आपल्या विद्यार्थी संघटना, विहार, वसतिगृहातले सीनियर यांच्याशी आधी बोला. विशेषतः एकट्या जाणाऱ्या मुलींनी. तिसरी, खोली नाकारली तर फोनचे कॉल, मेसेज, साक्षीदार, तारीख हे सगळे जपून ठेवा.

चौथी गोष्ट संघटनांसाठी. शासनाची स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यात निवासाचे २०,०००. म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. एवढ्या पैशात पुण्याच्या मध्यवस्तीत कॉट तरी मिळते का, हे तिथे अभ्यासाला राहिलेल्या कोणालाही विचारा. भत्ता वाढवून घेणे ही एक लढाई आहे. पण भत्ता हातात आला तरी दार मालकच उघडणार आहे. म्हणून शासकीय वसतिगृहांच्या जागा वाढवा ही मागणी पहिली असली पाहिजे. आणि जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला काही भाग सोलापूर, पुणे, मुंबईत धाराशिवच्या पोरांसाठी चार-चार खोल्या भाड्याने घेण्यावर का जाऊ नये? १९२५ साली आपल्याहून कितीतरी गरीब असलेल्या माणसांच्या सभेने ते सोलापुरात करून दाखवले.

शहरातली सर्वात चांगली वस्ती कोणती, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एवढेच : जिथे आपण पूर्ण नावानिशी राहू शकतो ती. जिथे तसे राहता येत नाही, तिथे राहण्याचा हक्क मिळवायचा आहे.

जय भीम!