अल्बमची एकात्मता आणि श्रेष्ठत्वाच्या याद्या : १९६० ते १९६९ या दशकाचा विचार

१

एखाद्या दशकातील उत्तम कादंबऱ्यांची यादी करणाऱ्याला कादंबरी कशाला म्हणावे, हा प्रश्न सहसा अडवीत नाही. ग्रंथ ही वस्तू त्याच्यापूर्वी काही शतके स्थिर झालेली असते. लोकप्रिय संगीताच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. तेथे ज्या वस्तूंची प्रतवारी लावावयाची ती वस्तू, म्हणजे ‘अल्बम’, ही स्वतंत्र कलाकृती आहे हा समज फार जुना नाही; आणि ज्या दशकाची प्रतवारी सर्वांत हिरिरीने लावली गेली, त्याच दशकाच्या मध्यावर तो समज रूढ झाला.

अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने २००३ साली सर्वकाळच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांची यादी प्रसिद्ध केली. तीतील पहिली पाच स्थाने अनुक्रमे बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७), बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (१९६६), बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६), बॉब डिलन याचा ‘हायवे सिक्स्टी वन रीव्हिजिटेड’ (१९६५) आणि बीटल्सचा ‘रबर सोल’ (१९६५) यांना मिळाली. पहिल्या दहांपैकी सात अल्बम याच दशकातील होते. आणि ते सातही ऑगस्ट १९६५ ते नोव्हेंबर १९६८ या सव्वातीन वर्षांत निघाले होते. अशी दाटी पाहिली म्हणजे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ही सव्वातीन वर्षे खरोखरच इतकी सुपीक होती, की मोजण्याचे मापच त्या वर्षांत तयार झाले? पहिल्या विधानात तथ्य नाही असे नव्हे. परंतु दुसरे अधिक विचारार्ह आहे, आणि त्याचाच ऊहापोह येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दाकडे पाहावे. ‘अल्बम’ हा लॅटिन शब्द पांढरा या अर्थाच्या विशेषणापासून आलेला आहे. प्राचीन रोममध्ये सार्वजनिक सूचना लिहिण्याच्या पांढऱ्या फळ्याला हे नाव होते. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या स्वाक्षऱ्या गोळा करण्यासाठी कोऱ्या वह्या बाळगीत, त्यांनाही तेच नाव पडले. पुढे छायाचित्रे चिकटविण्याच्या वहीला ते लागू झाले. या सर्व अर्थांत एक घटक समान आहे. अल्बम म्हणजे आधाराची रिकामी जागा. तीत इतरत्र निर्माण झालेल्या सुट्या वस्तू ठेवावयाच्या. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात हा शब्द आला तोही याच अर्थाने. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागावी लागे, आणि त्या तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधणीतील पाकिटांत ठेवून विकल्या जात. त्या बांधणीला अल्बम म्हणत.

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले तबकडी पुढे आणली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. पुढच्याच वर्षी आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली. या दोहोंमुळे व्यवसायात एक विभागणी रुजली. लहान तबकडी एकेका गाण्यासाठी, रेडिओसाठी व तरुण गिऱ्हाइकासाठी. मोठी तबकडी अभिजात संगीत, नाट्यसंगीत व प्रौढ श्रोत्यांसाठी. बांधणी नाहीशी झाली, पण नाव राहिले. एकाच तबकडीला अल्बम म्हणण्याचा प्रघात पडला. शब्दाचा निर्देश बदलला म्हणजे कल्पनाही बदलण्यास वाव मिळतो. संग्रहाचे नाव आता एका अखंड वस्तूला मिळाले होते. ती वस्तू आतूनही अखंड असावी ही अपेक्षा पुढची पायरी होय. फ्रँक सिनात्रा याच्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’ (१९५५) या अल्बममध्ये एकाच विषण्ण भाववृत्तीची गाणी जाणीवपूर्वक एकत्र आणलेली दिसतात. तथापि तरुणांच्या लोकप्रिय संगीतात ही अपेक्षा १९६० च्या सुमारास जवळजवळ नव्हतीच. बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) या पहिल्या अल्बममधील १४ गाण्यांपैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात मुद्रित झाली. गाजलेल्या सुट्या तबकडीच्या पाठोपाठ मोठी तबकडी बाजारात आणावी, एवढाच तेव्हाचा हिशेब होता.

३

या स्थितीतून एकात्म अल्बमाच्या कल्पनेकडे झालेले संक्रमण ‘रबर सोल’च्या इतिहासात स्पष्ट दिसते, आणि त्यात पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला रस वाटावा असा एक तपशील आहे. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडात निघालेल्या या अल्बमात १४ गाणी होती. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने त्यांतील ४ गाळली आणि आधीच्या ‘हेल्प’ या ब्रिटिश अल्बममधील २ घातली; अशा रीतीने १२ गाण्यांची निराळी आवृत्ती तयार झाली. असे फेरफार ती कंपनी नेहमी करीत असे. गाळलेली गाणी पुढच्या अल्बमासाठी उपयोगी पडत. तथापि या वेळी परिणाम अनपेक्षित झाला. विजेच्या गिटारीवर आधारलेले ‘ड्राइव्ह माय कार’ हे आरंभीचे गाणे गेले, आणि त्याच्या जागी साध्या गिटारीवरचे ‘आय हॅव जस्ट सीन अ फेस’ आले. त्यामुळे अमेरिकन आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा अधिक एकसुरी आणि लोकगीताच्या वळणाची झाली.

बीच बॉइजचा संगीतकार ब्रायन विल्सन याने ऐकली ती हीच आवृत्ती. सर्व गाणी एकमेकांशी नाते असलेली वाटतात, भरतीचे एकही नाही, या जाणिवेने तो भारावला आणि त्याच ईर्षेने त्याने ‘पेट साउंड्स’ची जुळणी केली, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. मे १९६६ मध्ये निघालेला हा अल्बम पॉल मॅकार्टनी याने आपल्यापुढील आदर्श मानला, आणि ‘सार्जंट पेपर’च्या प्रेरणांमध्ये त्याचा उल्लेख केला. म्हणजे ज्या परंपरेला समीक्षक एकात्म अल्बमाची परंपरा म्हणतात, तिच्या आरंभीच्या एका महत्त्वाच्या दुव्यात एकात्मता कर्त्याने योजिलेली नव्हती. विक्रेत्याच्या काटछाटीतून ती काही अंशी घडली, आणि एका प्रतिभावान श्रोत्याने ती कर्त्याच्या हेतूवर आरोपित केली. त्या वाचनातून खरीखुरी निर्मिती झाली, हे मात्र विसरता येत नाही.

ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी जाहीर दौरे थांबविले. त्यानंतर नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ या काळात लंडनच्या मुद्रणशाळेत ‘सार्जंट पेपर’ तयार झाला. काल्पनिक वाद्यवृंदाची कल्पना, शीर्षकगीताची अखेरीस पुनरावृत्ती, वेष्टनावर छापलेले गीतांचे शब्द, या सर्वांमुळे तो ग्रंथासारखा वाटू लागला. इंग्लंड आणि अमेरिका येथे एकाच क्रमाने व एकाच आशयाने निघालेला हा बीटल्सचा पहिला अल्बम होता. वस्तूला प्रमाण पाठ मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. १९६८ साली त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. रॉक संगीताला ते प्रथमच मिळत होते. जॉन लेनन याने मात्र १९८० सालच्या मुलाखतीत, आपल्या गीतांचा त्या काल्पनिक वाद्यवृंदाशी काही संबंध नव्हता, असे सांगितले. एकात्मता जितकी रचनेत होती तितकीच ती वेष्टनात आणि श्रोत्याच्या अपेक्षेतही होती.

याच सुमारास समीक्षेचा नवा व्यवसाय जन्मास आला. ‘क्रॉडॅडी’ हे नियतकालिक १९६६ साली आणि ‘रोलिंग स्टोन’ १९६७ साली निघाले. साहित्यसमीक्षेची परिभाषा जाणणाऱ्या या तरुण लेखकांना परीक्षणासाठी एखादी सलग कृती हवी होती. तीन मिनिटांच्या गाण्यापेक्षा चाळीस मिनिटांचा अल्बम त्या कामी अधिक सोयीचा ठरला. ज्या संस्थेने पुढे याद्या केल्या ती संस्था आणि ज्या वस्तूच्या याद्या झाल्या तिची प्रतिष्ठा, ही दोन्ही अशा रीतीने समवयस्क आहेत.

४

या मापाने कोण बाहेर राहिले, हे आता पाहिले पाहिजे. बेरी गॉर्डी याने १९५९ साली डेट्रॉइट येथे स्थापन केलेली मोटाउन कंपनी हे याचे ठळक उदाहरण होय. कृष्णवर्णीय मालकीच्या या कंपनीचे सर्व कौशल्य सुट्या तबकडीवर केंद्रित होते. कोणते गाणे बाजारात जावे याचा निर्णय घेण्यासाठी तेथे नियमित बैठका होत, आणि मोटारीतील लहान रेडिओवर ते कसे ऐकू येईल याचाही विचार होई. सुप्रीम्स या तीन गायिकांच्या संचाची १२ गाणी १९६४ ते १९६९ या काळात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांपैकी १० हॉलंड, डोझियर व हॉलंड या त्रयीने रचलेली होती. तीन मिनिटांत आरंभ, उत्कर्ष आणि समाप्ती साधण्याची ही कला दीर्घ रचनेपेक्षा सोपी आहे, असे कोणी म्हणू नये.

ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या अल्बमांच्या कोष्टकात ‘रिव्हॉल्व्हर’ला पहिल्या स्थानावरून खाली आणले ते ‘द सुप्रीम्स ए गो-गो’ या अल्बमने. स्त्रियांच्या संचाने ते स्थान मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००३ च्या यादीत ‘रिव्हॉल्व्हर’ तिसरा आहे. ‘ए गो-गो’ पाचशेतही नाही. यात समीक्षकांनी अन्याय केला, असे एका वाक्यात सांगून भागणार नाही. ‘ए गो-गो’मध्ये इतरांची गाजलेली गाणी बरीच आहेत, आणि अल्बम म्हणून तो विस्कळीत आहे, हे खरेच. प्रश्न असा की, ज्यांनी अल्बम हे आपल्या कलेचे एकक मानलेच नव्हते त्यांना त्या एककाने का मोजावे? यादीकारांनाही ही अडचण जाणवली असावी, कारण सुप्रीम्सना त्या यादीत प्रवेश मिळाला तो निवडक गाण्यांच्या संकलनाच्या रूपाने. एकात्मतेच्या कसोटीवर उभारलेल्या यादीत संकलनाला जागा द्यावी लागणे, ही ती कसोटी अपुरी असल्याची कबुलीच होय.

कर्तृत्वाच्या कल्पनेवरही याचा परिणाम झाला. एकात्म अल्बमाला एक कर्ता हवा असतो. मोटाउनमध्ये कवी, संगीतकार, गायिका आणि ‘फंक ब्रदर्स’ या नावाने ओळखले जाणारे वादक यांत कर्तृत्व वाटले गेले होते. त्या वादकांची नावे वेष्टनावर ठळकपणे आली ती १९७१ साली, मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर.

५

एकात्मतेला तबकडीच लागते काय, हे तपासण्यास आपल्याकडील परिस्थिती उपयोगी पडते. हिंदुस्थानात १९६० नंतरही काही वर्षे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या. बीटल्सची आरंभीची काही गाणी येथे त्याच स्वरूपात विकली गेली. चित्रपटगीत सुटेच ऐकले जाई, आणि त्याला संदर्भ मिळे तो चित्रपटाचा. मराठीत दीर्घ गेय रचनेचे उदाहरण शोधावयाचे तर ते तबकडीत नव्हे, नभोवाणीवर सापडते. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्यागणिक प्रसारित झाली. ‘गीतरामायणा’ची एकात्मता कथेची व साप्ताहिक श्रवणाची होती, तबकडीच्या दोन बाजूंशी तिचा उगमतः संबंध नव्हता.

याउलट ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही लाँग-प्ले तबकडीसाठीच योजिलेली कृती होती. मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक जी. एन. जोशी हे एच.एम.व्ही. कंपनीत तिचे निर्माते होते. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस तीत उभा केला आहे. अहिर भैरवाने आरंभ करून सायंकाळ व रात्रीच्या रागांकडे जाणारा क्रम तिला लाभला तो रागसमयाच्या परंपरेतून. ‘सार्जंट पेपर’च्याच वर्षी, निराळ्या परंपरेच्या आधारे, त्याच तंत्राचा असा उपयोग झाला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. तंत्र सर्वत्र शक्यता पुरविते. पण रचनेचे सूत्र प्रत्येक संगीतसंस्कृती आपल्या भांडारातून काढते. म्हणून एका संस्कृतीतील सूत्राला सार्वत्रिक कसोटी मानता येत नाही.

६

२०२० साली ‘रोलिंग स्टोन’ने नव्या मतदारांकडून यादी नव्याने करून घेतली. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. ‘सार्जंट पेपर’ चोविसावा झाला. अरीथा फ्रँक्लिन हिचा १९६७ सालचा ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू’ ८३ व्या स्थानावरून १३ व्या स्थानी आला. पहिल्या दहांत १९६०-६९ या दशकातील दोनच अल्बम उरले : ‘पेट साउंड्स’ आणि ‘ॲबी रोड’. मधल्या १७ वर्षांत या ध्वनिमुद्रणांतील एकही स्वर बदलला नव्हता. बदलले ते मत देणारे.

तथापि हा बदल वाटतो तितका मूलगामी नाही. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा मोटाउनचा अल्बम खरा. पण त्यातील गाणी एकमेकांत मिसळत जातात, विषय अखंड चालतो आणि कर्ता एक मानला जातो. म्हणजे मोटाउनला शिखर मिळाले ते तिने सुट्या गाण्याची आपली रीत सोडून एकात्म अल्बमाची रीत स्वीकारल्यानंतरच्या कृतीसाठी. सभासद बदलले, पण सभागृहाचे दार तेच राहिले. सुप्रीम्सची १२ गाणी त्या दारातून आत येऊ शकत नाहीत.

अभ्यासकाने अशा याद्या टाकाऊ ठरवाव्यात, असा याचा अर्थ नव्हे. अभिरुचीच्या इतिहासाची ती मोलाची साधने आहेत. मात्र त्यांचा उपयोग करताना प्रत्येक कृतीविषयी आधी एक प्रश्न विचारला पाहिजे : कर्त्यांच्या दृष्टीने तिचे एकक कोणते होते? गीत, तबकडी, चित्रपट, नभोवाणीवरील मालिका की मैफल? हे ठरल्यानंतरच तुलनेला अर्थ येतो. तसे न करता लावलेली प्रतवारी त्या दशकाच्या संगीताविषयी थोडे सांगते, आणि त्या दशकाने घडविलेल्या श्रोत्यांविषयी अधिक.