जोत्तो (अंतराळयान)

जोत्तो हे हॅलेच्या धूमकेतूच्या अभ्यासासाठी युरोपीय अंतराळ संस्थेने पाठविलेले अंतराळयान होय. २ जुलै १९८५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून आरियान अग्निबाणाने त्याचे प्रक्षेपण झाले. १४ मार्च १९८६ रोजी ते धूमकेतूच्या केंद्रकापासून ५९६ किमी अंतरावरून गेले. इतक्या जवळून केंद्रकाची छायाचित्रे त्यापूर्वी कोणीही घेतली नव्हती.

यानाचे नाव इटालियन चित्रकार जोत्तो दि बोन्दोने याच्यावरून ठेवले आहे. पादुआ येथील प्रार्थनामंदिरातील भित्तिचित्रात त्याने बेथलेहेमचा तारा धूमकेतूच्या रूपात रंगविला. १३०१ मध्ये दिसलेला हॅलेचा धूमकेतू त्याने पाहिला असावा, असे मानले जाते.

== मार्गनिश्चिती ==
धूमकेतूचे केंद्रक धूळ व वायूच्या आवरणात दडलेले असते, त्यामुळे त्याचे नेमके स्थान पृथ्वीवरील दुर्बिणींतून ठरविता येत नाही. सोव्हिएत संघाची व्हेगा १ आणि व्हेगा २ ही याने अनुक्रमे ६ व ९ मार्चला सुमारे आठ-नऊ हजार किमी अंतरावरून गेली. त्यांच्या छायाचित्रांवरून केंद्रकाचे स्थान काढण्यात आले. व्हेगा यानांची स्वतःची जागा अचूक ठरविण्यास अमेरिकेच्या रेडिओ दुर्बिणींनी मदत केली. शीतयुद्धाच्या काळातील हे सहकार्य विशेष उल्लेखनीय आहे. ही मदत नसती, तर इतक्या जवळून नेम धरण्याचे धाडस करता आले नसते.

== भेट व छायाचित्रण ==
हॅलेचा धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने सूर्याभोवती फिरतो. त्यामुळे यान व धूमकेतू यांचा सापेक्ष वेग सेकंदाला ६८ किमी इतका प्रचंड होता. या वेगाने मुंबई-पुणे अंतर सव्वादोन सेकंदांत कापले जाईल. अशा वेगात धुळीचा कणही घातक ठरतो. म्हणून यानाच्या पुढील बाजूस दुहेरी ढाल होती: बाहेर ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटर जाड पत्रा आणि त्यामागे सुमारे पाव मीटरवर केव्हलारचा जाड थर. बाहेरच्या पत्र्यावर आदळून कणाची वाफ व्हावी आणि ती पसरून मागच्या थराने अडवावी, ही योजना फ्रेड व्हिपल यांच्या कल्पनेवर आधारलेली होती. कॅमेरा मात्र ढालीच्या कडेपलीकडे आरशातून डोकावत असे. यान दर चार सेकंदांस स्वतःभोवती एक फेरी घेई, आणि त्या फेरीतील अल्पशा क्षणातच चित्र टिपावे लागे.

कॅमेरा सर्वांत तेजस्वी भागाचा माग ठेवी. केंद्रक तेजस्वी असेल ही अपेक्षा चुकली. ते कोळशासारखे काळे निघाले, पडलेल्या प्रकाशाच्या जेमतेम ४ टक्के परावर्तित करणारे. त्यामुळे यान जवळ येताच कॅमेरा केंद्रकाऐवजी त्याच्या सूर्याकडील कडेवरून उसळणाऱ्या वायू व धुळीच्या झोतांकडे वळला.

निकटतम बिंदू काही सेकंदांवर असताना एका मोठ्या कणाच्या धक्क्याने यान डगमगले, त्याचा अँटेना पृथ्वीपासून ढळला आणि संदेश तुटक येऊ लागले. सुमारे अर्ध्या तासाने यान स्थिरावले. कॅमेरा मात्र निकामी झाला.

== निष्कर्ष ==
अनेक छायाचित्रे जुळवून केंद्रकाचे एकत्रित चित्र तयार करण्यात आले. ते सुमारे १५ किमी लांब, ८ किमी रुंद, भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसते. पृष्ठभागाच्या थोड्याच भागातून झोत निघतात. बाहेर पडणाऱ्या वायूत सुमारे ८० टक्के पाणी आढळले. धूमकेतूचे केंद्रक म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा घन गोळा, हे व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडलेले मत यामुळे मुळात खरे ठरले. फक्त ‘मळका’ हे विशेषण अपेक्षेपेक्षा अधिक लागू पडले.

== पुढील प्रवास ==
पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून यानाचा मार्ग बदलण्यात आला. १० जुलै १९९२ रोजी ते ग्रिग-श्येलरुप धूमकेतूजवळून, सुमारे २०० किमी अंतरावरून गेले. इतर उपकरणांनी मोजमापे घेतली. पण या वेळी छायाचित्रे मिळाली नाहीत.